बिनखुणेचं कोकरू

गेल्या वर्षी हरवलेली फ्लेक्का मेंढी जिवंत आहे, ही बातमी स्टेनवोरच्या कानावर पडली तेव्हा ती कॉफीची किटली चुलीवर ठेवत होती. किटली तशीच सोडून, एका पायात बूट आणि एका पायात लोकरीचा मोजा अशा अवतारात ती अंगणात धावली. बातमी आणणारा तिचा भाऊ येटमुंडर घोड्यावरून उतरलासुद्धा नव्हता.

"नीट बघितलंस ना?"

"मी नाही, होल्मगेरने बघितलं. दुर्बिणीतून. काळ्या-पांढऱ्या ठिगळांची, लांब मानेची, आणि सगळ्यांच्या पुढे. आणखी कोण असणार?"

"आणि एकटीच?"

येटमुंडरने आधी चिमूटभर तपकीर ओढली. बहिणीला ताटकळत ठेवायची संधी त्याने साठ वर्षांत कधी सोडली नव्हती. मग म्हणाला, "मागच्या टोळीत तिच्याच रंगाचं एक कोकरू आहे. नर आहे. आणि कान कोरे आहेत, कुणाचीच खूण नाही."

स्टेनवोर तिथेच ओट्यावर बसली. मग उठली, पुन्हा बसली, आणि शेवटी मोठ्याने हसत सुटली.

ग्राइहोलच्या या बाईचं सगळं आयुष्य मेंढ्यांच्या मागे चालण्यात गेलं होतं, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. आइसलँडच्या या ईशान्य टोकाला मेंढ्या उन्हाळाभर डोंगरावर मोकाट असतात आणि सप्टेंबरात सगळा गाव त्यांना खाली आणायला जातो. मुलींना तेव्हा कुणी नेत नसे. ही चौदाव्या वर्षी भावाची विजार चढवून गेली आणि पुढे कधी थांबली नाही. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की ती सरळ म्हणायची, "सप्टेंबरात वेळ नव्हता, आणि बाकीचं वर्ष सप्टेंबरची तयारी!"

तिच्या घराण्याची खरी दौलत म्हणजे म्होरक्या मेंढ्या. हजार वर्षांपूर्वी पहिले लोक होड्यांतून या बेटावर आले तेव्हा त्यांच्याबरोबर ज्या मेंढ्या आल्या, त्यांतलाच हा एक वेगळा वंश. अंगाने किडकिडीत, पायांनी उंच, डोळ्यांनी चौकस. वादळ यायचं असलं की सकाळी गोठ्याचं दार उघडलं तरी ही जात बाहेर पाऊल टाकत नाही. वादळात सापडलीच, तर कळपाच्या पुढे होऊन घर गाठते. अशा एका मेंढीपायी जीव वाचलेले लोक या फ्योर्दच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीच्या, काठावर प्रत्येक घरात होते.

आणि तरी हा वंश आटत चालला होता. त्याला कारण लोकच. एक तर असल्या मेंढीच्या अंगावर मांस नसतं, तेव्हा पांढऱ्या गुबगुबीत मेंढ्यांपुढे तिला विचारतो कोण? दुसरं कारण जास्त वेडेपणाचं. नर म्होरक्या खच्ची केला की शांत होतो, दहा-दहा वर्षं कळप नेतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जो नर सगळ्यांत हुशार निघेल त्यालाच हे शहाणे लोक खच्ची करत आले. स्टेनवोरचे वडीलही त्यांतलेच, आणि तीही. फ्लेक्काला दरवर्षी नरच व्हायचे. दरवर्षी ते खच्ची व्हायचे आणि शेजारीपाजारी कौतुकाने घेऊन जायचे. त्यांतला शेवटचा स्पाकुर या वसंतात म्हातारपणाने गेला, आणि फ्लेक्का त्याआधीच्या शरदात डोंगरावरून परतलीच नव्हती. तेव्हा कुठे स्टेनवोरच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्या रात्री ती जेवली नव्हती.

आणि आज हे!

मेंढवाड्यावर ती पोचली तेव्हा तिथे जत्रा भरली होती. मधला मोठा गोल वाडा मेंढ्यांनी फुलला होता. त्याच्या भोवती प्रत्येक घराचा एकेक कप्पा. लोक मेंढ्यांच्या शिंगांना धरून कानांवरच्या कापीव खुणा वाचत होते आणि आपापली मेंढी आपापल्या कप्प्यात ओढत होते. बाटली हातोहात फिरत होती. गाणी तर सकाळपासूनच चालू होती. स्टेनवोरने फ्लेक्काला दुरूनच ओळखलं. एक हिवाळा उघड्यावर काढून बया आणखी वाळली होती, पण नजर तीच, जरा उर्मट.

कोकरू मात्र वाड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि त्याच्याजवळ थोरग्नीर उभा होता. खोऱ्यातला सगळ्यांत मोठा कळप त्याचा. सगळा पांढरा, आणि त्याला पुढे नेणारं कुणी नाही.

"लांबूनच बोल," स्टेनवोर म्हणाली. "ते माझं आहे."

"कान दाखव की! खूण आहे का तुझी?" थोरग्नीर हसला. "बिनखुणेचं कोकरू गावाचं. गाव ते लिलावात काढणार आणि मी ते घेणार. उद्याच खच्ची करतो. माझ्या कळपाला असाच म्होरक्या हवाय. शिवाय माझा एक मेंढा गेल्या वर्षी वरच राहिला होता. बाप तोच असणार."

"मग त्यालाच सांग दूध पाजायला!"

सगळा वाडा खदखदून हसला. थोरग्नीरसुद्धा हसला, पण कोकराच्या शिंगावरचा हात काही त्याने काढला नाही.

होल्मगेर पुढे आला. डोंगरावरच्या शोधाचा प्रमुख तो, म्हणून त्याला सगळे डोंगरराजा म्हणत, आणि या दिवसांत त्याचा शब्द शेवटचा असे. "नियम सगळ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "कोकरू जिचं दूध पिईल तिचं. प्यालं तर स्टेनवोरचं, नाही तर लिलाव. सगळे मागे व्हा."

दोघांना एका रिकाम्या कप्प्यात सोडलं. भिंतीवर माणसांची रांग लागली. फ्लेक्का एका कोपऱ्यात, कोकरू दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता माणसांकडेच बघत राहिली. कुणी शीळ घातली, कुणी दबक्या आवाजात पैज लावली. कोकरू जागचं हललं नाही.

"झालं की!" थोरग्नीर म्हणाला. "ओळखपाळख काही दिसत नाही."

"अरे, या जातीला कोंडून पन्नास माणसं डोळे रोखून बसल्यावर कोण दूध पिईल? तू पिशील?" स्टेनवोर ओरडली. मग वळून म्हणाली, "होल्मगेर, दार उघडायला सांग. बाहेरचं."

"डोक्यावर पडलीस का गं? सरळ डोंगरावर जातील."

"जाऊ देत."

"उत्तरेकडे बघ जरा. आज बर्फ पडणार. माझी माणसं दमलीत, घोडे लंगडतायत. वर गेली तर मी कुणाला पाठवणार नाही. दोघंही जातील, स्टेनवोर. लिलावात निदान मेंढी तरी तुझी राहते."

ते खरंच होतं. म्हातारी फ्लेक्का दुसरा हिवाळा वर काढू शकली नसती. आणि कोकरू लिलावात गेलं, तर या वयात फ्लेक्काला आणखी एखादं होईल, याची खात्री कुणी द्यावी? तिने येटमुंडरकडे पाहिलं. तो तपकिरीची डबी उघडून तशीच धरून बसला होता. स्टेनवोर कप्प्यात उतरली आणि तिने स्वतःच्या हाताने बाहेरच्या दाराचा आडणा काढला.

फ्लेक्का दारापर्यंत आली. हवेचा वास घेतला. आणि सुटली! तिच्यामागे कोकरू, माणसांच्या पायांमधून, एका कुत्र्याच्या पाठीवरून, सरळ डोंगराच्या दिशेने. गाणी बंद पडली. स्टेनवोर भिंतीला घट्ट धरून उभी होती आणि "थांब गं बाई, थांब," एवढंच पुटपुटत होती.

उतारावरच्या काळ्या खडकापाशी फ्लेक्का थांबली. मागे वळून लोकांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाठ केली. कोकराने गुडघे टेकून अशी काही धडक मारली की आईचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

"पितंय!" होल्मगेर दुर्बीण नाचवत ओरडला. "पितंय, शेपूट बघा कशी चाललीय त्याची!"

मग जो गलका उठला! येटमुंडरने डबीतली सगळी तपकीर हवेत उधळली आणि शेजारचे तिघे शिंकत सुटले. थोरग्नीरने बाटली स्टेनवोरच्या हातात दिली. "घे. जिंकलीस," तो म्हणाला. "पण आता पकडणार कशी?"

स्टेनवोरने एक घोट घेतला, आपला कळप कप्प्यातून बाहेर काढला आणि डोंगराकडे न बघता घराची वाट धरली. हाक नाही, शीळ नाही. पाऊण वाट होईतो तिने मान वळवली नाही, आणि तेवढ्यात तिचा जीव कितीदा वरखाली झाला ते तिचं तिलाच ठाऊक. मग बाजूच्या टेकाडावरून ठिगळांची एक जोडी उतरली, कळपाला वळसा घालून पुढे गेली आणि जसं काही घडलंच नाही अशी चालू लागली.

नदीला पाणी फार होतं. काठावर कळप अडला. फ्लेक्का पाण्याशी गेली, थबकली आणि एक पाऊल मागे सरली. कोकराने पाणी हुंगलं आणि घातलं अंग आत. पोटापर्यंत, छातीपर्यंत, मग पलीकडे. आई त्याच्यामागे गेली, तिच्यामागे सगळा कळप, आणि शेवटी घोड्यांवरून दोघं भावंडं.

पलीकडे घोड्यावरून उतरताना येटमुंडरच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय म्होरक्या आहे गं! बाबांनी बघायला हवा होता." त्याने कोकराला अलगद धरलं, खिशातून चाकू काढला आणि जन्माच्या सवयीने त्याला उताणं करायला लागला. "थंडी आहे तोवर उरकून टाकू. दहा वर्षं नेईल बघ कळप."

स्टेनवोरने त्याचं मनगट धरलं.

येटमुंडर बघतच राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो कानांपर्यंत लाल झाला.

"कान," स्टेनवोर म्हणाली. "फक्त कान, येटमुंडर."

तिने चाकू स्वतः घेतला. डाव्या कानाचं टोक उडवलं, उजव्याला मागून एक खाच दिली, आणि त्याला सोडून दिलं. कोकरू डोकं झटकत पुढे धावलं.