मिस्त्रींचा कान

साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत. आमची जुनी गाडी वडिलांच्या वेळेपासून तेच बघतात. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची रीत. तेवढा वेळ गिऱ्हाइकांनी बोलायचं नाही. कुणी खाकरलं तरी त्यांच्या कपाळावर आठी येते.

परवा इंजिन ठोकायला लागलं म्हणून मी गाडी नेली. मिस्त्रींनी टोक इथं टेकवलं, तिथं टेकवलं. बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांनाही ठोका ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "आवाज थांबला का वं मधीच?"

थांबला नव्हता. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना ते उमगलं. मग बाकाकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कान गेला माझा. लय दिस लपवलं."

त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली आणि टोक स्वतः हलवत राहिले. वर ठोका बारीक होता. खाली टेकवताच कानात हातोडी बसली.

"इथं!" मी म्हणालो.

"खालचं बेअरिंग गेलंय. आता चालवू नका, गाडी हितंच ठिवा."

एवढं बोलून ते हात पुसत उभे राहिले. बाकाकडं बघायचं मात्र टाळत होते. तेवढ्यात तिथला एक जण उठला आणि आपल्या जीपचं बॉनेट उघडत म्हणाला, "आवं मिस्त्री, या. माझ्या गाडीचं मी ऐकतो, तुमी टोक धरा."