सुकं लावलेलं आडनाव

त्यांनी बादली उचलली आणि माझ्यासमोर नालीत उपडी केली. पाणी मीच मागितलं होतं. त्यांच्या सुनेनं नुकतीच नळाखाली बादली भरून आणून ठेवली होती. शाम्पूची पुडी फोडून त्यात टाकायची, म्हणून ती माझ्या दातांत होती. तशीच राहिली.

"सूखा ही लगा दो," ते म्हणाले. "पानी की ज़रूरत नहीं है।"

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस माझ्याशी मराठीत बोलत होता.

मी रेडियमच्या दुकानात काम करते. गाड्यांवर नावं, पट्टे, चित्रं चिकटवायची, त्याला जबलपुरात सगळे रेडियमच म्हणतात. सदर भागातल्या या बंगल्यात नवी गाडी आली होती आणि घरच्या काकांना मागच्या काचेवर आपलं आडनाव हवं होतं, देवनागरीत, हातभर लांब. ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. लावलं तेवढं पुरे.

काचेवर माप घेताना मी स्वतःशीच पुटपुटले, "थोडं वर घ्यावं." ते ऐकून काका खुलले. या शहरात घराबाहेर मराठी कानावर पडली की आम्हा सगळ्यांचंच असं होतं.

"अरे वा, मराठी! कुठली तू? नागपूरकडली?"

मी म्हटलं, हो, आजोबा तिकडून आले, बाबा इथल्या खमरियाच्या कारखान्यात नोकरीला होते.

"मग आपलीच की! आडनाव काय बेटा?"

मी सांगितलं. आडनावावरून जात कळते. त्यांना कळली.

"अच्छा," ते म्हणाले. मग बादली. मग हिंदी. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. फक्त भाषा बदलली आणि 'आपली' मधून मला बाहेर काढलं.

ओलं आणि सुकं म्हणजे काय, ते सांगते. ओल्यात काचेवर शाम्पूचं पाणी मारायचं आणि त्यावर अक्षर ठेवायचं. ते तरंगतं. वाकडं बसलं तर सरकवा, नाही पटलं तर उचला. मनासारखं झालं की प्लास्टिकच्या पट्टीनं खालचं पाणी काढून टाका. सुक्यात हे लाड नाहीत. टेकलं तिथे चिकटलं. मे महिन्याच्या तापल्या काचेवर तर टेकायचाच अवकाश.

मी निघून जायला हवं होतं. गेले नाही. ते आडनाव मी सुकंच लावलं. आणि सांगायला लाज वाटते, झकास लावलं. एक बुडबुडा नाही. काकांनी काच निरखली आणि म्हणाले, "बढ़िया।" मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला आजही राग येतो.

ते मानगुटीवर बसलं माझ्या. मी ओलं काम सोडूनच दिलं. दुकानाचे मालक, आमचे भैया, म्हणायचे, "बड़ा अक्षर है, गीला लगा लो।" मी म्हणायचे, सुकं लगेच धरतं, गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण वेगळं होतं. सुक्यात पाणी मागावं लागत नाही. शहराबाहेर बरगीकडच्या गावांमध्ये ट्रॅक्टरवर नावं लावत मी दिवसभर उन्हात उभी राहिले, पण कुणाच्या दारात प्यायलाही मागितलं नाही. वर लोकांना ऐकवायचे, आपलं काम सुकंच असतं.

घरी आईनं धुण्याची बादली ओतली की मी होते तिथे थांबायचे.

"काहून अशी उभी राहून गेली?" आई विचारायची.

काय सांगणार? त्या बंगल्यावर निघाले त्या सकाळी तीच म्हणाली होती, "आपल्या मराठी माणसाचं काम आहे, नीट करजो."

सहा-सात वर्षं अशी गेली. मग त्याच बंगल्यातून बोलावणं आलं. नवी गाडी, तेच आडनाव, या वेळी अख्ख्या काचेभर. भैयांनी बजावलं, "ये सूखा मत करना, बिगड़ जाएगा।"

काकांच्या हातात काठी आली होती. त्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा आडनाव ऐकलं होतं, तोंड कशाला बघतील? सुनेनं ओळखलं. मी म्हटलं, "ताई, बादलीभर पाणी द्या." तिनं नजर खाली ठेवून भरून दिली.

काच ओली केली. आडनाव ठेवलं. ते पाण्यावर तरंगत होतं, माझ्या दोन बोटांच्या जोरावर.

"अरे वा, मराठी!" मागून काका. "कुठली तू?"

तेच शब्द. तोच आनंद.

"आडनाव काय बेटा?"

मी सांगितलं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"अच्छा." त्यांची नजर बादलीकडे गेली.

"ओतू नका काका," मी म्हणाले. "अजून ओलं आहे. अजून काढता येतं."

कोपऱ्यात नख घातलं आणि अख्खं आडनाव काचेवरून उचललं. ते स्वतःलाच चिकटलं, त्याचा गोळा झाला. तो मी त्यांच्या बादलीत टाकला.

"ये क्या कर रही हो?"

"मराठीत विचारा," मी म्हणाले. "येते तुम्हाला."

मी पट्टी पुसली, सामान आवरलं आणि निघाले.

भैया चिडले. गिऱ्हाईक घालवलंस, म्हणाले, परत असं केलंस तर येऊ नकोस. मी त्यांना सांगून टाकलं की परत असंच करीन. तरी अजून मी तिथेच आहे. उद्या नसेन, कुणास ठाऊक.

बादलीचा तो आवाज गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण आता दारात मी पहिलं पाणी मागते. आधी प्यायला, मग कामाला. त्यांच्या नळाचं, त्यांच्या भांड्यात. नाही म्हणाले तर पिशवी उघडत नाही.

आणि माझ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर मी माझं आडनाव लावलंय, ठसठशीत. मी फाटकातून शिरतानाच वाचा, विचारायचे कष्ट नकोत. ते मात्र सुकं लावलंय.