माचिसच्या डबीएवढं गोदाम

भालेरावजींची आणि माझी ओळख शिंकांनी झाली. सियागंजाच्या बाजारातल्या, बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या आमच्या ऑफिसच्या जिन्यापाशी मिरचीची पोती उतरत होती. नाकाला रुमाल लावून आम्ही दोघं वर पोहोचलो आणि नाव सांगण्याआधीच दोघांनाही पुन्हा शिंक आली. त्यांनी हसून विचारलं, "बाई, तुमचीही आज पहिलीच हाजरी का?"

शहरातली कापडमिल नुकतीच बंद पडली होती. उभी हयात तिच्या ड्रॉइंग ऑफिसात घालवलेले भालेरावजी पन्नाशीला आले असताना पुन्हा उमेदवारी करायला निघाले होते. मी कंप्यूटरवर नकाशे काढायचा कोर्स केला होता. ऑफिसच्या मालकांनी, सेठजींनी, दोघांना मिळून एक कंप्यूटर दिला आणि सांगून टाकलं, "महीनाभर देखूंगा. फिर एक ही रहेगा."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यामुळे पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता येई. पण नकाशातली भिंत कुठली आणि तुळई कुठली, ते कळत नसे. भालेरावजींचं नेमकं उलट. दुसऱ्या कुणी आपली विद्या झाकून ठेवली असती. ते मात्र जेवणाच्या सुट्टीत भरली वांगी मधोमध कापून मला दाखवत, "हा झाला छेद. कापल्यावर आत दिसतं, ते काढायचं." मी त्यांना कमांड शिकवी. पहिल्यांदा झूम केलं, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, भिंत वाढली!" मग स्टीलची पट्टी पडद्याच्या काचेला लावून त्यांनी ती मोजूनही पाहिली.

महिनाअखेरीला आम्ही गौतमपुऱ्याच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम काढलं. प्रिंट आला, तर भल्यामोठ्या कागदाच्या मधोमध एवढंसं चित्र!

"भिया, ये गोदाम है कि माचिस की डिब्बी? किसने बनाया?" सेठजी कडाडले.

"मापं माझी," भालेरावजी म्हणाले. "बाईंनी मी सांगितलं तसंच केलं."

मग त्यांनी शांतपणे कारण शोधलं. कागदावर माप लहान करून काढायची त्यांची जन्माची सवय. कंप्यूटरवर भिंत आहे तेवढीच काढायची असते. लहान ती छापताना होते. आमचं गोदाम दोनदा लहान झालं होतं. किती पट वाढवायचं ते त्यांनी सांगितलं, मी कमांड दिली आणि गोदाम पूर्ण मापाचं झालं.

नवा प्रिंट पाहून सेठजींनी भालेरावजींना ठेवून घेतलं. भालेरावजी म्हणाले, "बाईंनाही ठेवा. नाहीतर तुम्हाला अर्धाच माणूस मिळेल."

सेठजींनी प्रिंट गुंडाळला. "चलो, दोनों रहो. पर माचिस दुबारा नहीं."

त्या संध्याकाळी मिरचीच्या पोत्यांपाशी आम्ही मनसोक्त शिंकलो. डोळ्यांतल्या पाण्याला ते निमित्त बरं होतं. त्या नोकरीवर माझ्या दोन्ही मुली शिकल्या.

भालेरावजी आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या सत्कार समितीला माझी विनंती: शाल त्यांना घालावी, श्रीफळ मात्र तो महिना धीरानं काढणाऱ्या भालेराव वहिनींच्या ओटीत घालावं. गौरवग्रंथाच्या पहिल्या प्रती त्यांच्या मिलमधल्या सोबत्यांना पोहोचवाव्यात. माचिसचा तो प्रिंट माझ्याकडे आहे. "द्या की हो, फाडून टाकतो," असं ते दर दिवाळीला म्हणतात. तो मी त्यांना शंभरीच्या समारंभात देणार आहे. तोवर त्यांनी तब्येत सांभाळावी आणि दर दिवाळीला मागत राहावं.