श्रावणातला सर्व्हे

"फॉर्म ऱ्हवांदे गो काकी. आज रांधलंस काय?" असं म्हणत ती प्रश्नावली मांडीखाली सारायची आणि चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलायची. आम्ही एम.एस्सी.चे बाकीचे विद्यार्थी ओसरीवर पेन उघडून बसलेलो. मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग नव्हे, मी जळायचो.

पर्यावरणातल्या विषांचा माणसाला धोका किती, हे मोजायचं आमचं शिक्षण. खाडीच्या माशात पारा किती हे यंत्र सांगतं. तो पोटात किती जातो, हे माणसांनाच विचारावं लागतं. गणितात मी पहिला, माणसांत ती. मालवणजवळच्या ख्रिस्ती वाडीतली, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराची मुलगी. अनोळखी घरातही दहा मिनिटांत तिच्यापुढे सोलकढी यायची. माझ्यापुढे साधं पाणीही नाही. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

सरांकडे पीएच.डी.ची जागा एकच होती. ती तिलाच मिळणार, हे मला दिसत होतं. म्हणून माझ्या वाट्याची घरं मी घाईघाईने आठवड्यात उरकली आणि निष्कर्ष लिहिला: मासे नगण्य, धोका नगण्य.

सेमिनारच्या सकाळी तिने माझी वही चाळली आणि कपाळावर हात मारला. "अरे, गेल्या आठवड्यात मासे किती खाल्लास, असा तू श्रावणात इचारलंस? हिंदूंच्या घरात?"

मी देवगडचा. श्रावणात आमच्या घरी माशाचं नावही काढत नाहीत. आणि ही मला श्रावण शिकवत होती!

"आता काय करू?"

"सांगून टाक, हे आकडे श्रावणाचे. गणपती गेल्यावर परत इचारूक व्हया. यंत्राक श्रावण कळता काय?"

मी अक्षरशः तेच बोललो. सर खूश झाले. "याला म्हणतात निरीक्षण!" सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या. तिचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. जागा मला मिळाली.

"बरा बोललंस," एवढंच ती म्हणाली. पुन्हा कधी विषय काढला नाही. पदवी झाल्यावर ती गोव्यातल्या एका शाळेत शिकवायला गेली. तिथली मुलं आता तिला सोडत नसतील, या विचाराने मी अजून जळतो.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर मी संशोधक म्हणून पुन्हा सर्व्हेच्या त्या वाडीत गेलो. पहिलंच घर. काकीने माझ्या मागे वाटेकडे पाहिलं.

"ती खंय आसा?"

"नोकरीला गेली."

"मगे तू कित्याक इलंस?"