आत कोण न्हाय की

शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ पृथ्वी वाचवतात. खांद्याला कापडी पिशवी असते, आणि कुणाच्याही घरी रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तो बंद करूनच बसतात.

माझी पत्नी गेली तेव्हा ते मोटारीने भेटायला आले. "लाकडं न लावता शेणीवर दहन केलासा, ब्येस झालं सर," म्हणाले. "जाता जाता वैनींनी एक झाड वाचवलं बघा."

तिच्या खोलीतला दिवा मी त्या दिवसापासून मालवला नव्हता. ते उठले. "आत कोण न्हाय की," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

दारात त्यांची मोटार एसी लावून सुरूच होती, परतताना आत गार असावं म्हणून. मी बाहेर जाऊन ती बंद केली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"आत कोण न्हाय की," मी म्हणालो.