रक्त पास व्हावं म्हणून

पाचोडची विहीर आटली, तशी विधवा गीताबाई लेकाला घेऊन औरंगाबादेत आली आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटं घासू लागली. शहर चहूबाजूंनी फुगत होतं. इमारतींना तोटा नव्हता, नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. त्याचं तिला काही नव्हतं. तिला घोर एकच: आपल्यामागं राजेंद्रचं काय?

तिशीतल्या राजेंद्रला चार वर्षांपासून समोर कुणी नसताना आवाज ऐकू यायचे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी आवाज मंदावले. तो टँकरवरून हंडे आणू लागला, मायला चहा करून देऊ लागला. तिचं घर बौद्धांचं, अंगारे-धुपारे कधीच सुटलेले. भरवसा ठेवायचा तो शिकलेल्या माणसावर.

अशात दवाखान्यातल्या सावनी मॅडम म्हणाल्या, "मावशी, कोणता पेशंट पुढं किती सुधारेल, हे रक्तातल्या खुणांवरून ओळखता येईल का, ते आम्ही शोधतोय. पुढच्या महिन्यात राजेंद्रचं रक्त घेऊ?"

गीताबाईला वाटलं, पोराची परीक्षाच आहे. वाळूजला नोकरभरतीच्या तपासणीआधी पोरं बीट खातात, तंबाखू सोडतात, साधी डोकेदुखीची गोळीही घेत नाहीत. रक्तात काही सापडलं की नापास, असं त्यांचं शास्त्र. कँटीनमध्ये तिनं ते शंभरदा ऐकलेलं. तिनं राजेंद्रला रोज बीट चारलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या.

"माय, गोळी?" तो विचारायचा.

"राहू दे, राजा. रक्त चोख व्हाया पायजे. तू पास झाला की म्या सुखानं डोळे मिटीन."

पंधरा दिवसांत त्याची झोप उडाली. मग एका दुपारी पाण्यात विष कालवलंय म्हणत त्यानं रांगेतले भरलेले हंडे लाथाडले. दुष्काळात सांडलेलं पाणी कोण माफ करणार? लोकांनी त्याला बेदम मारलं.

रक्त द्यायच्या आधीच त्याला भरती करावं लागलं. गीताबाईनं रडत सगळं सांगितलं. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

"मावशी, यात पास-नापास काहीच नव्हतं हो. गोळ्या चालू असतानाच रक्त घ्यायचं होतं. आणि उत्तर लगेच मिळणारच नव्हतं. दहा वर्षं माणूस कसा राहतो ते बघायचं, मग या रक्ताशी ताडायचं. मीच नीट समजावून सांगायला हवं होतं."

"धा वर्षं?" गीताबाईनं बोटांवर हिशेब केला. "मॅडम, मला साठावं लागलं. तवर याला इथं कोण आणील?"

मॅडमनी तिला राजेंद्रच्या खाटेजवळ स्टुलावर बसवलं.

इंजेक्शनच्या गुंगीतून राजेंद्रनं डोळे किलकिले केले. ओठ सुजलेला, शब्द जड.

"माय, झालो का पास?"

"व्हय राजा, पैल्या नंबरानं," गीताबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडत राहिली.