कढईकडं बघ

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी भुकटी चौथ्यांदा मेली, तेव्हा आमच्या सरांनी हात टेकले. आणखी एकदा करून बघ, म्हणाले, नाहीच जमलं तर विषय बदल. विषय बदलायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मी रडले नाही, चिडले, आणि सरळ परंड्याची एसटी धरली.

माझं काम सांगायला सोपं आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनबरोबर तांब्याच्या भुकटीवरून न्यायचा, की त्याचं मिथेनॉल होतं. ते जाळता येतं, त्यापासून पुढं आणखी रसायनंही करता येतात. ही भुकटी, म्हणजे उत्प्रेरक, नुसती जुळवाजुळव करते, स्वतः खर्च होत नाही. फक्त आधी तिला हायड्रोजनमध्ये तापवून जागं करावं लागतं. माझी तिथंच मरायची. तांब्याचे कण एकमेकांना चिकटायचे आणि मग ती ढिम्म काही करायची नाही.

घरी आले तर आई खव्याच्या भट्टीवर. ज्या धुराचं काही भलं करायला मी शिकत होते, त्याच धुरात बसून तिनं मला शिकवलं होतं. हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं, याची लाज वाटते.

उलथनं माझ्या हातात देऊन ती म्हशींना वैरण टाकायला गेली. मी मोठ्या हुशारीनं जाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवला. खवा खाली लागला. वास आला तशी ती धावत आली आणि तिनं लाकडं मागं ओढली.

"जाळाकडं काय बघत बसलीस? कढईकडं बघ. घट्ट व्हत आलं की कढई सोताच लई तापलेली असती."

अख्खी कढई वाया गेली होती. ती खाली उतरवून तिनं घासायला घेतली. मी मात्र उलथनं धरून तशीच उभी. प्रयोगशाळेत माझा तापमापक विजेच्या भट्टीला होता, भुकटीला नव्हताच. हायड्रोजन लागला की भुकटी स्वतःच तापते, आणि फार तापली की कण चिकटतात, हे वाक्य मी पुस्तकात अधोरेखितसुद्धा केलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पुण्यात परतून तापमापकाची तार थेट भुकटीत खोचली. हायड्रोजन सोडला, तर भट्टीचा आकडा जागच्या जागी आणि भुकटीचा भराभर वर. मी भट्टीचं तापमान उतरवलं, हायड्रोजन बारीक केला आणि दिवसभर तिथून हलले नाही. मग कार्बन डायऑक्साइडही सोडला. चौथ्या दिवशी काचेच्या नळीत मिथेनॉल जमलं, पळीभर तीर्थाएवढं. भुकटी जिवंत होती. सरांनी विषय बदलायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आईला फोन लावून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, करपलं तर नाही ना? नाही, म्हणाले.

"आई, हे तुझ्यामुळं झालं."

"बरं. ठिवते आता," ती म्हणाली. "दूध घट्ट व्हत आलंय."